उत्तरवयातील एकट्याचा रानमुक्काम : वैद्याची भूमिका

प्रास्ताविक

साठी ओलांडलेला रुग्ण चिकित्सालयात येतो. प्रश्नपरीक्षा, नाडीपरीक्षा होते, औषधयोजना लिहून होते आणि उठता उठता तो काहीशा संकोचाने विचारतो, "डॉक्टर, दोन दिवस एकट्यानेच डोंगरात तंबू टाकून राहून यावे म्हणतो. हरकत नाही ना?" अलीकडे हा प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत पाठीवर वळकटी टाकून सह्याद्रीतील घाटवाटा तुडवणारी पिढी आता सेवानिवृत्त झाली आहे. मुले मार्गी लागली आहेत, वेळ हाताशी आहे आणि तारुण्यातली ती सवय पुन्हा खुणावू लागली आहे. अशा मुक्कामास खर्चही फारसा नाही. एक साधा तंबू, घरातील घोंगडी आणि एस.टी.चे तिकीट एवढ्यावर भागते.

या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकांचे ठरलेले उत्तर 'नको' हे असते. प्रस्तुत लेखकाचेही तेच होते. ते का बदलावे लागले, शास्त्राचा आधार कोणता आणि अशा रुग्णास प्रत्यक्षात कोणते मार्गदर्शन करावे, याचे विवेचन येथे केले आहे.

शास्त्रातील निषेध

'नको' म्हणणाऱ्या वैद्याच्या बाजूने ग्रंथाधार भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चरकाचार्यांनी विमानस्थानात साठ वर्षांनंतरचे वय जीर्ण आणि वातप्रधान म्हटले आहे. सुश्रुताचार्य मध्यम वयाची मर्यादा सत्तरीपर्यंत नेतात. परंतु वार्धक्यातील वाताधिक्याविषयी मतभेद नाही. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रुग्ण, बालक, वृद्ध व अजीर्णी यांनी व्यायाम टाळावा असे सांगितले आहे. त्याच अध्यायातील सद्वृत्तात रात्री बाहेर पडणे तातडीच्या कार्यापुरतेच मान्य केले असून, तेही हाती दंड, मस्तकी शिरस्त्राण आणि सोबत साहाय्यक असता. अरण्य व ओसाड घर ही स्थाने तर दिवसाही वर्ज्य सांगितली आहेत.

म्हणजे वय, श्रम, रात्र, अरण्य आणि एकटेपणा अशा पाचही बाजूंनी निषेध दिसतो. मग विचार करण्यासारखे उरते काय? उत्तर देण्यापूर्वी एक रुग्णवृत्त सांगणे आवश्यक आहे.

एक रुग्णवृत्त

वय ६६, पुरुष, सेवानिवृत्त शिक्षक. पत्नीच्या निधनास दोन वर्षे झालेली. निद्रानाश, मलावष्टंभ, अरुची आणि कशातच मन न लागणे या तक्रारी. पौरुषग्रंथीच्या वाढीसाठी आणि रक्तदाबासाठी आधुनिक औषधे चालू. तारुण्यात गडकोटांवर भरपूर भटकंती. औषधयोजना झाल्यावर त्यांनी आरंभी दिलेला प्रश्न विचारला. मी वरील वचनांचा आधार घेऊन निक्षून नकार दिला. गुरुजी "बरे" म्हणाले आणि गेले.

पुढे महिनाभराने ते आले ते मनगटास प्लास्टर घालून. मुलांस 'मित्राकडे जातो' असे सांगून ते एकटेच एका टेकडीवर राहिले होते. रात्री दोनच्या सुमारास लघवीस जाण्यासाठी तंबूतून झटकन उठून उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोल जाऊन हातावर पडले. रक्तदाबाच्या, तसेच पौरुषग्रंथीसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी झोपेतून एकदम उभे राहताना रक्तदाब उतरतो, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. मी त्यांच्या गोळ्यांची नावे टिपून घेतली होती. परंतु 'जाऊ नका' एवढेच सांगितल्यामुळे 'गेलात तर असे उठा' हे सांगण्याचा प्रसंगच आला नाही.

गुरुजींनी दोष दिला नाही. ते इतकेच म्हणाले, "मला परवानगी नको होती डॉक्टर, वाट विचारायची होती." निषेधाने रुग्ण थांबत नाही, तो केवळ आपल्याला सांगेनासा होतो, हा धडा त्या दिवशी मिळाला.

निषेधाचा अर्थ

त्यानंतर तीच वचने पुन्हा वाचली असता काही गोष्टी स्पष्ट झाल्या.

पहिली गोष्ट व्यायामाविषयी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात व्यायाम, अध्व आणि चंक्रमण यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. अध्व म्हणजे लांबचा पायी प्रवास. तो कफ व स्थौल्य कमी करतो, पण वर्ण आणि सौकुमार्यही हरतो. वातप्रधान वयात तो हितकर नाही. चंक्रमण म्हणजे देहास फार पीडा होणार नाही असे चालणे. ते आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढवणारे आणि इंद्रियांना जागे करणारे म्हटले आहे. वृद्धास निषिद्ध आहे तो व्यायाम, चंक्रमण नव्हे. अर्धशक्तीचे लक्षणही तेथेच दिले आहे. श्वास तोंडावाटे घ्यावा लागला की निम्मे बल खर्ची पडले असे समजावे. चढावर नाकाने श्वास घेत, सोबत्याशी बोलता येईल इतक्या गतीने चालणे ही वृद्धाची मर्यादा. तोंड उघडले की थांबावे, ही खूण रुग्णाच्या सहज लक्षात राहते.

दुसरी गोष्ट एकटेपणाविषयी. साहाय्यक असावा या वचनाचा हेतू संकटसमयी हाक ऐकणारे कोणी असावे, हा आहे. एकांत आणि असहायता या दोन भिन्न अवस्था आहेत. गावाच्या कडेला, एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यात वा अंगणात स्वतःचा तंबू टाकून राहणारा मनुष्य एकांत पुरता अनुभवतो, परंतु त्याची हाक दहा पावलांवर पोचते. त्यासाठी घनदाट अरण्यात शिरण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट परंपरेविषयी. आळंदी-देहूहून पंढरीस पायी जाणाऱ्या वारकऱ्यांत साठी-सत्तरीचे स्त्रीपुरुष दरवर्षी मोठ्या संख्येने असतात; राहुटीत अथवा उघड्यावर झोपतात. नर्मदेची परिक्रमा करणारे वयस्क लोक तर कित्येकदा एकटेच निघतात; जवळ दंड, कमंडलू, पांघरूण आणि शिधा एवढेच असते. दोन्ही ठिकाणी ओझे अल्प, चाल संथ, मुक्काम वस्तीजवळ आणि अन्न ताजे हे नियम पाळले जातात. वार्धक्यातील अल्पखर्ची रानमुक्कामाचा नमुना आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे. आपण फक्त तो वैद्यकीय दृष्टीने पाहिलेला नाही.

अपायाची चार कारणे

चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाची चार कारणे सांगितली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. रानमुक्कामास जाणाऱ्या वृद्धास होणारे बहुतेक अपाय या चारांत बसतात, असे दिसून येते.

साहस : बलाहून अधिक श्रम. मनाला पंचविशीतली वाट आठवते, गुडघ्यांना ती आठवत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे ओकसात्म्य आज गृहीत धरणे हाच येथील प्रज्ञापराध होय. पाण्यासह एकूण ओझे देहभाराच्या दशांशाहून अधिक नसावे, म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीने सहा किलोपर्यंत. दोन लिटर पाण्याचेच दोन किलो होतात, हे ध्यानी घेता बाकीच्या सामानास कात्री लावणे भागच पडते. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, म्हणून काठी अवश्य हवी.

वेगसंधारण : थंडीत तंबूबाहेर जाण्याचा कंटाळा येतो, म्हणून वृद्ध माणूस मूत्रवेग रोखून धरतो किंवा सायंकाळपासून पाणीच पीत नाही. दोन्ही अहितकर. रुंद तोंडाची झाकणाची बाटली तंबूत ठेवणे हा सोपा उपाय संकोच न करता सांगावा. बाहेर जावयाचेच असल्यास आधी उठून मिनिटभर बसावे, विजेरी लावावी, पादत्राणे झटकून घालावीत आणि मग काठीच्या आधाराने उभे राहावे. आमच्या गुरुजींचे मनगट एवढ्यानेच वाचले असते.

क्षय : येथे प्रामुख्याने जलक्षय व निद्राक्षय. मूत्रल गोळ्या चालू असताना उन्हात चालल्यास जलक्षय त्वरेने होतो. रात्रीचे जागरण रूक्ष असल्याने वातवृद्धी करते. जमिनीचा गारवा हे झोपमोडीचे मोठे कारण असते. त्यासाठी वर दोन पांघरुणे घेण्यापेक्षा खाली एक जाड थर अधिक उपयोगी पडतो. तळाशी ताडपत्री, त्यावर फोमची चटई, त्यावर सतरंजी. अंगावर घोंगडी आणि डोक्यास कानटोपी, एवढी सिद्धता हेमंतातही बहुधा पुरते. झोपण्यापूर्वी तळपायांस तिळाचे तेल चोळावे. नित्य अभ्यंगात मस्तक, कर्ण व पाद यांस वाग्भटाचार्यांनी दिलेले महत्त्व अशा रात्री अनुभवास येते.

विषमाशन : दिवसभर फरसाण व बिस्किटे आणि रात्री उशिरा भरपेट जेवण हा नेहमीचा प्रकार. त्याऐवजी सकाळी गूळ घातलेले सातूचे पीठ, दुपारी गावातील भाकरी आणि सूर्यास्तापूर्वी मुगाची खिचडी असा क्रम ठेवावा. एका माणसास ७५ ग्रॅम तांदूळ व ४० ग्रॅम मूगडाळ पुरते. त्यात सुंठ, जिरे, हिंग आणि चमचाभर तूप. सोबत मेतकुटाची पुडी. पाणी उकळूनच घ्यावे. मधुमेही व्यक्तीने सातूतील गूळ वगळावा.

काळ व देश

हेमंत व शिशिर या ऋतूंत बल आणि अग्नी उत्तम असतात. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ योग्य. पावसाळ्यात अग्निमांद्य, निसरड्या वाटा आणि दरडी यांमुळे, तर ग्रीष्मात अल्पबल व पाण्याची टंचाई यांमुळे मुक्काम वर्ज्य समजावा.

स्थाननिवडीत कायद्याचे भान आवश्यक आहे. राखीव वनात विस्तव पेटवणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने निषिद्ध आहे. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीविना प्रवेश नाही. संरक्षित स्मारक असलेल्या गडावर मुक्काम करू नये. गावकऱ्याच्या खाजगी जागेत त्याच्या संमतीने राहणे हा निर्वेध मार्ग होय. राजमाचीच्या श्रीवर्धन व मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी असलेली उधेवाडी हे उत्तम उदाहरण. लोणावळ्याहून सुमारे पंधरा किलोमीटरची, बहुतांशी सपाट वाट. गावात जेवणाची सोय. आणि भोवती अस्सल सह्याद्री. याउलट धरणांच्या काठी मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या व्यावसायिक तंबूवसाहतींत पैसाही जातो आणि झोपही.

तंबू वाळक्या फांद्यांखाली, ओढ्याच्या पात्रात, कड्याच्या पायथ्याशी अथवा पेंढ्याच्या गंजीजवळ लावू नये. गंजीत उंदीर आणि उंदरांमागे सर्प येतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या भागांतील उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. तेथे तंबूतील मुक्कामास संमती देऊ नये. बंद तंबूत शेगडी वा स्टोव्ह कदापि पेटवू नये. कार्बन मोनॉक्साईड वायूने झोपेतच मृत्यू ओढवतो.

पूर्वपरीक्षा

संमती देण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. अलीकडील हृदयविकार, चालताना छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, वारंवार भोवळ अथवा स्मृतिभ्रंशाची चिन्हे असल्यास एकट्याचा मुक्काम निषिद्ध.
२. रक्तदाब बसून आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असल्यास प्रथम त्याचा विचार करावा.
३. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, अधिक चालण्याच्या दिवशी मात्रा काय असावी हे त्यांच्या चिकित्सकास विचारावयास लावावे. खिशात साखर हवी. चालू असलेले कोणतेही आधुनिक औषध आपण परस्पर थांबवू नये.
४. दृष्टी, विशेषतः मंद प्रकाशातील. तसेच एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, हे पाहावे.
५. मनाची परीक्षा. हे सर्वांत महत्त्वाचे. एकांताची ओढ आणि जगण्याचा वीट या दोन्हींची भाषा कधीकधी सारखीच असते. नुकताच जोडीदार गमावलेल्या, निरवानिरवीचे बोलणाऱ्या व्यक्तीस एकटे पाठवू नये. तिच्याशी स्पष्ट बोलावे, कुटुंबीयांस विश्वासात घ्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

पादांशिक क्रम

अपथ्य सोडणे आणि पथ्य धरणे चतुर्थांशाने करावे, हा नियम येथेही उपयोगी आहे.

पहिला पाद : स्वतःच्या गच्चीवर अथवा अंगणात तंबूत एक रात्र. पाठ दुखते का, रात्री किती वेळा उठावे लागते, तंबूची साखळी अंधारात उघडता येते का, हे सर्व येथेच कळते आणि त्यास काहीही खर्च येत नाही.
दुसरा पाद : नातलगाच्या वा स्नेह्याच्या शेतावर एक रात्र, स्वतः शिजवून.
तिसरा पाद : वाहन पोचते अशा गावाच्या कडेला, यजमानाच्या अंगणात एक रात्र.
चौथा पाद : तेथेच दोन रात्री, दिवसा दोन-तीन तासांचे चंक्रमण.

दोन पादांत किमान पंधरा दिवसांचे अंतर असावे. एखाद्या पादात त्रास झाल्यास मागे यावे. त्यात कमीपणा नाही. बऱ्याच जणांचे समाधान तिसऱ्या पादातच होते आणि तेवढे पुरेसे असते.

प्रत्येक वेळी जाण्याचे ठिकाण, वाट, परतीची वेळ आणि चालू औषधे यांची चिठ्ठी दोन प्रतींत करावी. एक घरी, एक यजमानाकडे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे, तसेच ११२ हा आपत्कालीन क्रमांकही आहे. परंतु डोंगरात संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून यजमान हाच खरा साहाय्यक.

औषधालयचालकांसाठी

अशा ग्राहकास औषधपुडी बांधून देताना काही पथ्ये पाळावीत. आसव-अरिष्टांच्या काचेच्या बाटल्या नकोत. वजन वाढते आणि फुटण्याची भीती असते. हिंग्वाष्टक चूर्ण, त्रिफळा चूर्ण व सुंठ यांच्या एकेका मात्रेच्या पुड्या, घट्ट बुचाच्या छोट्या बाटलीत तिळाचे वा नारायण तेल, एवढे पुरे. संजीवनी वटी, त्रिभुवनकीर्ती यांसारखे वत्सनाभयुक्त कल्प 'असू द्या जवळ' म्हणून देऊ नयेत. ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे आहेत. प्रत्येक पुडीवर नाव, मात्रा व वेळ ठळक अक्षरांत लिहावी. विजेरीच्या उजेडात चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे.

सर्पदंश व वृश्चिकदंश यांवर पुडीत कोणतेही औषध देऊ नये. भारतात उपलब्ध असलेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषावर चालते आणि ते रुग्णालयातच मिळते. दंशस्थानी चिरा देणे, आवळून बांधणे, पाला लावणे यांत वेळ दवडू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांस दंश करते आणि पुष्कळदा वेदनाही होत नाही. म्हणून तळ शिवलेला, साखळी पूर्ण लागणारा तंबू हाच खरा प्रतिबंध. कोकणातील लाल विंचवाच्या दंशातही विलंब घातक ठरतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनची उपयुक्तता दाखवून दिल्यानंतर अनेक प्राण वाचले आहेत.

परतल्यानंतर

तीन आठवड्यांत ज्वर आल्यास 'कोठे झोपला होता?' हा प्रश्न अवश्य विचारावा. गवतातील सूक्ष्म कीटकांपासून होणारा स्क्रब टायफस वृद्धांत गंभीर रूप घेऊ शकतो. काख, जांघ, कंबर या ठिकाणी काळपट खपलीचा, न दुखणारा व्रण शोधावा आणि शंका येताच रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. आमज्वर समजून लंघनात दिवस घालवू नयेत.

उपसंहार

गुरुजींचे मनगट सांधल्यावर, त्यांच्या चिकित्सकाकडून गोळ्यांची वेळ बदलून घेऊन आणि मुलांना समोर बसवून आम्ही पहिला पाद गच्चीवर केला. मानसोपचारतज्ज्ञांचाही सल्ला घेतला. त्या हेमंतात ते चौथ्या पादापर्यंत पोचले. त्यांची झोप पूर्ववत झाली असे म्हणता येणार नाही. त्रिफळा अजून चालू आहे, रक्तदाबाच्या गोळ्याही. परंतु भूक लागू लागली आहे आणि आश्विन सरताच ते तंबू उन्हात घालतात. मुक्कामाहून परतले की चिकित्सालयात येऊन किती वेळा उठलो, किती चाललो, काय खाल्ले हे वहीत पाहून सांगतात. पूर्वी लपवून केलेली गोष्ट आता ते सांगून करतात, हे मला अधिक मोलाचे वाटते.

विहार हाही चिकित्सेचा भाग आहे. म्हणून त्यालाही मात्रा, काळ, अनुपान आणि निषेध असलेच पाहिजेत. 'जा' म्हणणे जितके बेजबाबदारपणाचे, तितकेच नुसते 'जाऊ नका' म्हणणेही. वैद्यबंधू-भगिनींनी या विषयातील आपले अनुभव, विशेषतः फसलेले प्रयोग, टिपून ठेवावेत. ते पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडतील.